मापाला ट्यूबा

बॅरो समोरच दिसतं, पाण्यापलीकडे.
ओहोटीला तर वाटतं, बूट हातात घ्यावेत
आणि सरळ चालत जावं.
पण ती वाळू माणूस गिळते,
आणि रस्ता अख्ख्या खाडीला वळसा घालून जातो:
चोवीस मैल.
सहाच्या ठोक्याला इस्पितळाच्या भटारखान्यात हजर व्हायचं,
तिथली सकाळची लापशी माझ्या हातची.
मिलमहून पहिली आगगाडी सुटते
तोवर तिच्यावर साय धरलेली असते.

म्हणून गाडी. आणि लांब पाठीची, एस्टेटच,
कारण मंगळवारी बँडची तालीम असते
आणि माझा ट्यूबा लहान गाडीत
रुसलेल्या व्याह्यासारखा आडवा येतो.
अठराशे पौंड. विम्याचे वेगळे काढून ठेवलेत.

टेप कोण घेऊन फिरणार? मी ट्यूबाच नेला.
बहिणीचा नवरा रॉडनी, त्याची टॉर्च, आणि ट्यूबा.

पहिली निळी. इतकी चकचकीत की भांग पाडावा.
रॉडनी पाठीवर झोपून खाली सरपटला,
तिथूनच म्हणाला, वरून कीर्तन...
पुढचं त्याच्या तोंडावर पडलेल्या गंजाच्या पोपड्यांनी सांगितलं.

दुसरीचा मालक फार बोलत होता.
क्लच जितका घसरतो
तितकी जीभ जोरात धावते, हे मला तिथे कळलं.

तिसरीत ट्यूबा छान बसला,
पण तिचं इंजिन त्याच्याहून खालच्या सुरात खोकलं.
तरी मी डिकी उघडझाप करत राहिले.
वाजवायला घेतेस की चालवायला, रॉडनी म्हणाला.
घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

मग ब्रॉटनची हिल्डा बर्केट.
करडी स्कोडा, पंधरा वर्षांची.
बाईंनी किल्लीच्या आधी वही दिली.
नवऱ्याचं अक्षर, बारीक, पेन्सिलीतलं:
तारीख, लिटर, मैल,
टायमिंग बेल्ट बदलला तो दिवस,
पुढचे ब्रेक, डावं बेअरिंग, बल्ब.
एक लाख दहा हजार मैलांत
एक आकडा गाळलेला नाही.

आणि दर गुरुवारी, बावीस मैल.
पुढे काही लिहिलेलं नाही.
पान उलटलं. बावीस.
आणखी एक. बावीस.
मी वही मिटायला लागले.

"सिलक्रॉफ्टचा किनारा," बाई म्हणाल्या.
"डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं.
गाडीत बसून चिप्स खायचा, समुद्राकडे तोंड करून.
त्याला वाटायचं, मला पत्ता नाही.
सात वर्षं दर शुक्रवारी
मी काचा खाली करून व्हिनेगर वाळवलंय."

ट्यूबा आत गेला. तोंड मागे, बूड पुढे,
कुठे खरचटला नाही.
उजव्या मागच्या कमानीवर नाण्याएवढा गंज,
दुसरा गिअर थंडीत हटून बसतो.
रॉडनीने दोन्ही मोठ्याने सांगितलं,
मग पुन्हा सांगितलं, हळू.
बाईंनी ऐकून घेतलं.
"साडेसोळाशे. आणि वही मी ठेवणार."

वहीशिवाय गाडी म्हणजे नुसती तोंडी साक्ष,
रॉडनी माझ्या कानाशी कुजबुजला.
मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून
फोनने फोटो काढले, बेल्टचं पान, ब्रेकचं पान.
गुरुवार त्यांत आपोआप आले.
बाई चहा ओतत होत्या,
पाठमोऱ्या, जरा जास्तच वेळ.

आता पाचला निघते.
डडन पुलाशी काळोख असतो, मेंढ्यांचे डोळे,
दुसरा गिअर मनधरणी करून घेतो.
हीटर तापला की येतो अजून,
पुसटसा, जाळीच्या आतून कुठून तरी.
आणि मी उपाशीपोटी, पुढे लापशी.
काच खाली करत नाही.